ओझोनने निर्जंतुकीकरण

इस्पितळ म्हटले की डॉक्टर आठवतात, परिचारिका आठवतात. शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणारा माणूस कोणाला आठवत नाही. इस्पितळ-कामगारांच्या संघटनेत काम करताना तो आम्हांस भेटला, आणि त्याच्यापायीच आम्ही हा विषय शिकलो.

पोलादी हत्यारे १२१ अंशांच्या वाफेत खुशाल घालावीत. परंतु प्लॅस्टिकच्या कित्येक नळ्या त्या उष्णतेत टिकत नाहीत. त्यांच्यासाठी इथिलिन ऑक्साइड वायू वापरतात. १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो माणसास कर्करोग करणारा ठरविला. अमेरिकी नियमाप्रमाणे हवेच्या दहा लाख भागांत त्याचा सरासरी एकच भाग चालतो. नाकाला वास कळतो तो शेकडो भाग झाल्यावर. चोर घर धुऊन गेल्यावर कुत्रा भुंकावा, तसे हे!

ओझोनची गोष्ट निराळी. विजेची मोटार ठिणग्या टाकू लागली की येणारा उग्र वास त्याचाच. १८४० साली शेनबाइन या शास्त्रज्ञाने त्याला नाव दिले, तेही वास या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. प्राणवायूचे दोन अणू जोडीने राहतात. विजेच्या योगाने ओझोनमध्ये तीन एकत्र येतात. हा तिसरा अणू सैल असतो. तो सुटून जंतूच्या आवरणाला भिडतो आणि ते जाळतो. फ्रान्समधील नीस शहराने १९०६ साली याच गुणावर पिण्याचे पाणी शुद्ध करण्यास आरंभ केला. हत्यारांसाठीच्या ओझोन-यंत्राला अमेरिकेत २००३ साली मान्यता मिळाली.

यंत्राच्या पेटीतील हवा प्रथम काढून घेतात, आत ओलावा सोडतात, मग ओझोन. ओलावा हवाच, कोरड्या ओझोनला चिवट जंतुबीजे दाद देत नाहीत. सुमारे साडेचार तासांनी उरलेल्या ओझोनचा पुन्हा प्राणवायू करतात, आणि मगच दार उघडायचे. मात्र रबर याने तडकते. आणि हत्यार आधी स्वच्छ धुतलेले नसेल, तर वाळल्या रक्ताखालचा जंतू सुखरूप राहतो.

जो गुण जंतूला मारतो, तोच फुफ्फुसालाही जाळतो. म्हणून ओझोनची मर्यादा एक कोटी भागांत एक भाग. त्याचा वास लौकर येतो खरा, पण नाक त्याला लौकरच सरावते. वास आला म्हणजे यंत्र चालू आहे असे नव्हे. ते गळत आहे! घाई आहे म्हणून दार आधी उघडावयास सांगणाऱ्या साहेबाला कामगाराने नाही म्हटले पाहिजे, आणि भिंतीवर वायुमापक मागितला पाहिजे. रुग्णाला निर्जंतुक हत्यार मिळावे हा त्याचा हक्क आहे. ते देणाऱ्याला निर्दोष श्वास मिळावा, हाही हक्कच आहे.