पाटपाण्याचा मुलूख आणि रानातले रहिवासी

आश्विन वद्य द्वादशीस देशावरील शेतकऱ्याच्या दारात सवत्स धेनूची पूजा होत असते, आणि त्याच दिवशी अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, राजूर-भंडारदऱ्याच्या डोंगरपट्ट्यात, महादेव कोळी व ठाकर वस्त्यांतील गुराखी गावशिवेवरच्या वाघोबाच्या शेंदरी दगडापुढे नैवेद्य ठेवतात. गुरांची वर्षभर राखण केल्याबद्दल, किंवा निदान ती फार न उचलल्याबद्दल, ते त्याचे उपकार मानतात. एकाच तिथीस गाय आणि गाईचा वैरी या दोघांनाही पाट मांडणारा हा जिल्हा आहे. ज्या पट्टेदार वाघासाठी हा दगड उभा राहिला तो या डोंगरांतून केव्हाच नाहीसा झाला. परंतु देव रिकामा राहू नये म्हणून की काय, त्याची गादी बिबट्याने चालवावयास घेतली, आणि येथील बोलीत तर बिबट्यालाही सरसकट ‘वाघ’च म्हणत असल्यामुळे या खांदेपालटाची कोणी फारशी दखलही घेतली नाही.

अहमदनगर, म्हणजे २०२४ पासून सरकारी दफ्तरी अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. परंतु त्याच्या रहिवाशाला विचाराल तर तो एक जिल्हा म्हणून सांगणार नाही, उत्तर नगर आणि दक्षिण नगर असे दोन सांगेल. पश्चिमेस घाटघर-रतनवाडीला आषाढ-श्रावणात पाऊस मोजता मोजता मोजणारा थकावा आणि कर्जत-जामखेडकडे त्याच दिवसांत आभाळाकडे पाहून मान आखडावी, इतके अंतर या एका कलेक्टर कचेरीच्या अमलाखाली नांदते. निसर्गाने केलेली ही वाटणी माणसाने पाटबंधाऱ्यांनी अधिकच पक्की केली. पुढाऱ्यांनी तिच्यावर निवडणुका लढविल्या, अर्थशास्त्रज्ञांनी प्रबंध लिहिले. परंतु या वाटणीचा सर्वांत बारकाईने अभ्यास ज्यांनी केला ती जनावरे होत, आणि त्यांचा निष्कर्ष त्यांच्या पाऊलखुणांत वाचावयास मिळतो.

प्रवरेवर भंडारदऱ्याचे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले, ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या भागांतील बाजरीच्या रानांत बारमाही पाणी नेले, हरिगावी बेलापूर कंपनीचा खाजगी कारखाना उभा राहिला, आणि १९५० साली लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढे मुळेवरील धरणाने आणखी रान भिजविले. या साऱ्याचा इतिहास सहकाराचा इतिहास म्हणून विपुल लिहिला गेला आहे. तोच इतिहास अरण्याचा इतिहास म्हणूनही लिहिता येतो, हे मात्र आपल्या लक्षात फार उशिरा आले. कारण उसाचा फड म्हणजे काय, याचा विचार आपण नेहमी टनांच्या हिशेबात केला. जनावराच्या डोळ्यांनी पाहिले तर तो पुरुषभराहून उंच, भर दुपारीही अंधारलेला, पाटाच्या पाण्याने थंड राहिलेला असा एक प्रदेश आहे, ज्यात बांधणी झाल्यापासून तोडणीपर्यंत माणूस महिनोन्महिने शिरत नाही. आडसाली ऊस दीड वर्ष उभा राहतो. त्याच्या शेजारी पूर्वहंगामी असतो, त्याच्या पलीकडे सुरू, आणि त्याला लागून कुणाचा तरी खोडवा. म्हणजे एक फड पडला तरी दुसरा उभाच. अरण्यखात्याच्या नकाशात ज्याला हिरवा रंग कधीच मिळाला नाही असे हे अरण्य आपण कर्ज काढून, खते घालून आणि पाळीपाळीने पाणी देऊन स्वहस्ते वाढविले.

बिबट्याने ते ओळखले. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी यांनी अकोले तालुक्याच्या शेतीच्या खोऱ्यात, जेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात आणि अरण्य म्हणावे असे काही नाही, स्वयंचलित कॅमेरे लावून जी गणती केली ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जाणकारांनाही आपले ठोकताळे पुन्हा तपासावे लागले. शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे, आणि जवळजवळ तितकीच तरसे! शिवाय कोल्हा, खोकड, रानमांजर, आणि मांजरांच्या कुळातील सर्वांत लहान वंशजांपैकी एक अशी वाघाटी. ही सारी मंडळी गावकऱ्यांच्या वहिवाटीत, गावकऱ्यांना फारसा पत्ता लागू न देता, पोराबाळांसह नांदत होती. पुढे याच खोऱ्यातील बिबट्यांची विष्ठा तपासून त्यांच्या भोजनाचा जो हिशेब मांडला गेला तोही मनोरंजक आहे. वजनाने पाहता त्यांच्या खाण्यातील ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यांतही एकट्या कुत्र्याचा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट असूनही त्यांचा वाटा अवघा ११ टक्के. कारण शेळी रात्री गोठ्यात कोंडलेली असते आणि कुत्रे उकिरड्यावर मोकळे. गावचे कुत्रे कोणाच्या मालकीचे, या प्रश्नाचे उत्तर ग्रामपंचायतीला देता येत नाही; बिबट्याने तो प्रश्न आपल्या परीने निकालात काढला आहे.

तथापि या नव्या मुलखात धोकेही नवे आहेत, आणि त्यांतला सर्वांत जुना धोका म्हणजे विहीर. बिनकठड्याची विहीर रानात काळोख्या रात्री कुत्र्यामागे धावणाऱ्या जनावराला दिसत नाही. सकाळी मोटर चालू करावयास गेलेल्या गड्याला आतून गुरगुर ऐकू येते. तासाभरात अवघा गाव काठावर जमतो. अरण्यखात्याची गाडी येईपर्यंत चार दोरांना बांधलेली बाज खाली सोडतात, आणि रात्रभर पोहून, कपारीला नखे रोवून दमलेले ते जनावर बाजेवर चढून, ओले, कान पाडून, वरच्या शेकडो चेहऱ्यांकडे पाहत बसते. ज्या बाजेवर घरची म्हातारी निजावयाची ती बाज बिबट्यासाठी देणाऱ्या माणसाची दुसऱ्या दिवशी बिबट्याविरुद्ध फिर्यादही असते, आणि या दोन्ही गोष्टी खऱ्या असतात.

अशाच एका विहिरीतून, पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वरच्या शिवारातून, २००९ साली बाहेर काढलेल्या एका वयस्क, शांत नराचे नाव अभ्यासकांनी ‘आजोबा’ असे ठेवले, त्याच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडले. सोडणाऱ्यांच्या दृष्टीने ते चांगले अरण्य होते; आजोबांच्या दृष्टीने ते परके गाव होते. त्यांनी मुक्काम हलविला. आग्रा रस्ता ओलांडून, कसाऱ्याची रेल्वे मागे टाकून, खाडी पोहून, सुमारे १२० किलोमीटरांची मजल महिन्याभरात संपवून ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात दाखल झाले, आणि साऱ्या वाटेत त्यांनी एका माणसालाही इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर एका वाहनाने त्यांचा शेवट केला. त्यांच्यावर पुढे चित्रपट निघाला. मला मात्र चित्रपटापेक्षा त्या प्रवासाचा नकाशा अधिक बोलका वाटतो, कारण आपण ज्याला ‘जंगलात सोडणे’ म्हणतो त्या क्रियेचा अर्थ जनावराच्या कोशात काय आहे हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे.

हा अर्थ शेजारच्या जुन्नरने फार महागात शिकविला होता. २००१ पासून तेथील शेतांतून शंभरावर बिबटे धरून लगतच्या अरण्यांत नेऊन सोडण्यात आले. आधी वर्षाकाठी माणसांवर सरासरी चार हल्ले होत, ते सतरावर गेले, आणि त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर चढले. हल्ले अधिक झाले तेही बहुतांशी जेथे जनावरे सोडली त्याच जागांच्या आसपास. जे जनावर घरांपासून शंभर पावलांवर राहूनही नजर चुकविण्याची विद्या शिकले होते त्याला अनोळखी मुलखात भांबावलेले टाकून आपण ती विद्या निष्फळ केली. तरीही एखाद्या गावात लेकरू गेले की लोक पिंजरा मागतात आणि पिंजऱ्यातला बिबट्या दूर न्या म्हणतात. आणि ज्याच्या अंगणातून लेकरू गेले त्याला आकडेवारी ऐकविण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

माणसांच्या शेतांत हिंस्र जनावराने नांदणे हा केवळ नगरी चमत्कार नव्हे. युरोप खंडात लांडगा, अस्वल, लिंक्स ही हिंस्र जनावरे गेल्या अर्धशतकात पुन्हा वाढली ती अरण्ये वाढली एवढ्यानेच नव्हे, माणसांच्या शेतीवाडीत वावरूनही वाढली. उलट उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशात हिवाळ्यासाठी अंग पांढरे करणारा ससा, बर्फ उशिरा पडू लागल्यामुळे, तपकिरी जमिनीवर पांढराशुभ्र उठून दिसतो आणि मारला जातो. एकाला बदल मानवतो, दुसऱ्याला त्याचे शरीरच बदलू देत नाही.

आपला पांढरा ससा दक्षिण नगरात आहे. माळढोक हा पक्षी उघड्या, खुरट्या गवताच्या माळावर बहुधा एकच अंडे घालतो, आणि त्याच्या रक्षणार्थ १९७९ साली जे अभयारण्य जाहीर झाले त्यात सोलापूरबरोबर नगरचे कर्जत, श्रीगोंदे आणि नेवासे हे भाग धरून ८,४९६ चौरस किलोमीटरांचा विस्तीर्ण मुलूख आला. कागदावर एवढा मोठा इलाखा कोणत्या पक्ष्याला मिळाला असेल? त्यात गावे, बाजारपेठा, शेते सारेच होते, त्यामुळे लोक त्रासले आणि पक्षी वाचला नाही. पुढे हद्द आखडून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावी लागली. दरम्यान माळ नांगरले गेले, वरून विजेच्या तारा गेल्या, आणि समोरचे नीट न दिसणारा हा जड देहाचा पक्षी त्यांवर आपटू लागला. आज देशभरात तो दीडशेच्या आत उरला आहे. बिबट्याला उसाने जे दिले ते माळढोकाकडून काढून घेतले असे म्हणणे थोडे ढोबळ होईल, परंतु फार चुकीचे होणार नाही.

याच्या मुळाशी आमची महसुली भाषा आहे. सातबाऱ्यावर जे पिकत नाही ते ‘पोटखराबा’, आणि गावाचे असेल तर ‘गायरान’. गवत हे पीक आहे आणि माळ ही वस्ती आहे, असे सांगणारा रकानाच त्या उताऱ्यात नाही. म्हणून माळावर सुधारणा करावयाची तर एक तर नांगर घालावयाचा किंवा झाडे लावावयाची, आणि दोन्हींनी माळाचे जनावर बेघर होते. कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळविटांचे अभयारण्य १९८० साली झाले ते अवघे २.१७ चौरस किलोमीटरांचे. कळप वाढला की तो साहजिकच बाहेर पडतो, सांजवेळी आजूबाजूच्या ज्वारीत, तुरीत उतरतो, आणि अभयारण्याचा रहिवासी असलेला काळवीट बांध ओलांडताच शेतकऱ्याच्या लेखी चोर ठरतो. लांडग्याची गत याहून वाईट आहे. धनगरांच्या मेंढ्यांवर जगत, त्यांच्या काठ्या खात, माळावरच्या बिळात पिल्ले वाढवीत तो पिढ्यानपिढ्या टिकला. आता त्याच्या वंशात मोकाट कुत्र्याचे रक्त मिसळू लागल्याचा जनुकीय पुरावा शेजारच्या पुणे जिल्ह्यात मिळाला आहे. उत्तरेकडे बिबट्याची भाकरी झालेले तेच कुत्रे दक्षिणेकडे लांडग्याचे कूळ बुडवू पाहत आहे, हे पाहिले म्हणजे एका जिल्ह्याचे दोन जिल्हे का म्हणतात ते कळते.

पाण्याने सर्वच पाहुण्यांना हाकलले असे मात्र नाही. १९७६ साली पुऱ्या झालेल्या जायकवाडीच्या धरणामागे शेवगाव-नेवाशाकडील सुपीक गावे बुडाली, त्यांच्या घरादारांचे दुःख अजून ताजे आहे. आणि त्याच उथळ फुगवट्यावर हिवाळ्यात तिबेट-मंगोलियाच्या सरोवरांवर जन्मलेले पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येऊन हरभऱ्याच्या रानात चरू लागले. हा फुगवटा, म्हणजेच नाथसागर, १९८६ साली पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

कार्तिकात कारखान्यांची धुराडी पेटतात, बीडकडच्या टोळ्या कोपी घालून उतरतात, आणि कोयत्याखाली फड आडवा होत होत शेवटच्या चार सऱ्या उरतात तेव्हा कधी कधी पाचटात दोन-तीन पिल्ले सापडतात, मांजरीएवढी, अंगावर अजून ठिपके नीट न उमटलेली. आता शहाणपणाची रीत अशी पडली आहे की तोड थांबवावयाची, पिल्ले क्रेटमध्ये घालून संध्याकाळी त्याच जागी ठेवावयाची आणि माणसांनी दूर व्हावयाचे. मादी येते. ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसऱ्या कुणाच्या तरी खोडव्यात नेते, आणि सकाळी क्रेट रिकामे मिळते.

तो खोडवा ज्याचा असतो त्याची पाळी बहुधा रात्रीची असते, कारण शेतीपंपाला वीज पुष्कळदा रात्रीच येते, आणि म्हणून तर या भागातील प्रत्येक सभेत दिवसा विजेची मागणी होते. हातात बॅटरी, खांद्यावर फावडे, खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने लावलेले भजन, अशा सरंजामानिशी तो दारे धरावयास जातो. वस्तीवरचे कुत्रे बांधापर्यंत त्याच्याबरोबर येते, भुंकत राहते, तोवर तो निर्धास्त असतो. मग ते एकाएकी गप्प होते, शेपूट पायांत घालून त्याच्या पोटऱ्यांना चिकटते. आणि तो भजन थांबवतो, फावडे दोन्ही हातांत धरतो, आणि फुटलेल्या सरीतून पाणी दुसऱ्याच्या रानात वाहून जात असताही जागचा हलत नाही.