डावपेच तेच, मग निकाल वेगळा का? फुटबॉल मॅनेजर गेममधले नशीब आणि कौशल्य

संघ तोच, फॉर्मेशन तेच, समोरचा प्रतिस्पर्धीही तोच. पहिल्यांदा 3-0 ने जिंकलात. सेव्ह केलेला गेम पुन्हा उघडून तोच सामना खेळलात, तर 1-2 ने हरलात. फुटबॉल संघ चालवण्याचे गेम खेळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. मग गेम फसवतो, की आपणच एका निकालाचा भलता अर्थ काढतो?

गेममध्ये निकाल ठरतो कसा?

‘फुटबॉल मॅनेजर’सारख्या गेममध्ये तुम्ही खेळाडू निवडता, डावपेच ठरवता. मैदानावर काय होईल ते संगणक ठरवतो. खेळाडूची गुणवत्ता, थकवा, जागा यांवरून पास पोहोचण्याची किंवा गोल होण्याची शक्यता निघते. त्यानंतर जणू फासा पडतो. चांगल्या डावपेचाने फासा तुमच्या बाजूने थोडा झुकतो, पण टाकावा तर लागतोच.

छोट्या बदलाने एवढा फरक कसा?

एका खेळाडूची जागा बदलली की एक पास चुकतो. चेंडू दुसरीकडे जातो आणि पुढचा सगळा सामनाच वेगळा होतो. 1961 मध्ये अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी संगणकात 0.506127 ऐवजी 0.506 हा आकडा भरला. एवढ्याशा फरकाने पुढचे हवामान पूर्ण वेगळे निघाले.

बाळापूरच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बियाणे तेच, जमीन तीच. पण पेरणीनंतर पावसाने आठ दिवस दडी मारली की दुबार पेरणीची वेळ येते.

आकडे काय सांगतात?

समजा, तुमचा संघ सामन्यामागे सरासरी 1.6 गोल करतो आणि 1.1 गोल खातो. संभाव्यतेच्या साध्या गणितानुसार असा वरचढ संघ 100 पैकी सुमारे 49 सामने जिंकतो, 25 बरोबरीत सुटतात आणि 26 हरतो.

आता नव्या डावपेचाने सरासरी 1.7 गोलांवर गेली. 38 सामन्यांच्या हंगामात यातून जेमतेम अडीच गुण वाढतात. पण केवळ नशिबाने त्याच हंगामात आठ गुण इकडे किंवा तिकडे सहज होतात. म्हणजे डावपेच सुधारूनही गुण घटू शकतात आणि बिघडवूनही वाढू शकतात.

खऱ्या मैदानावरही असेच?

2020-21 च्या इंडियन सुपर लीगमध्ये मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान यांचे 20 सामन्यांनंतर प्रत्येकी 40 गुण झाले. 28 फेब्रुवारी 2021 च्या शेवटच्या साखळी सामन्यात मोहन बागानला फक्त बरोबरी पुरेशी होती. मुंबईने 2-0 ने बाजी मारली. आपसातील सामन्यांतील सरस कामगिरीमुळे शिल्ड आणि आशियाई चॅम्पियन्स लीगचे तिकीट मुंबईला मिळाले. 13 मार्चला गोव्यात याच दोन संघांत अंतिम सामना झाला. त्यात मुंबईचा पहिला गोल प्रतिस्पर्ध्याच्या स्वयंगोलातून आला, तर विजयी गोल बिपिन सिंगने 90व्या मिनिटाला केला. मुंबई चांगली खेळलीच, पण वर्षभराचा हिशेब किती थोडक्यात फिरतो, हेही दिसले.

मग डावपेच तपासायचे कसे?

- एका वेळी एकच बदल करा.
- एकाच सेव्हवरून तोच सामना 20-30 वेळा खेळून सरासरी काढा.
- स्कोअरपेक्षा ‘एक्सजी’ पाहा. प्रत्येक फटक्यातून गोल होण्याची शक्यता त्यात मोजतात. पेनल्टी म्हणजे साधारण पाऊण गोल.
- एका पराभवानंतर सगळा संघ मोडू नका.

हे समजणे महत्त्वाचे का?

गेममध्ये हरलात तर पुन्हा खेळता येते. खिशातले पैसे लावले असतील तर तसे होत नाही. चार विजय मिळाले की ‘मला जमले’ असे वाटते आणि रक्कम वाढत जाते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही त्यात ठेवला नाही. चार सामन्यांतून कौशल्य सिद्ध होत नाही, हे गणित मात्र कायद्याच्या आधीपासून खरे आहे.