सौदा, रोजा आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

रमजान सुरू झाला की गावोगावच्या बाजाराचे घड्याळ बदलते. दुपारी पेंगणारी दुकाने असरच्या नमाजनंतर जागी होतात. खजूर, फेण्या, शेवया, अत्तर आणि टोप्यांच्या गाड्या लागतात. गिऱ्हाइकांत सगळेच असतात. रोजा सोडण्यासाठी खजूर नेणारे असतात, तसे एकादशीसाठी नेणारेही असतात. काही दुकानदारांची वर्षाची मोठी कमाई याच एका महिन्यात होते. म्हणूनच हा महिना त्यांची परीक्षाही घेतो. गर्दीत जुना खजूर नव्या पेटीत खपवणे किंवा कच्च्या रंगाचे कापड पक्के म्हणून देणे अवघड नसते. प्रश्न ईदनंतरचा असतो. ते गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढेल का?

रोजाला साक्षीदार नसतो. बंद खोलीत घोटभर पाणी प्यायले तर कोणाला कळणार? तरीही रोजेदार पीत नाही, कारण अल्लाह पाहतो आहे अशी त्याची श्रद्धा असते. तराजूमागे बसल्यावरही हेच भान राहावे, अशी इस्लामची अपेक्षा आहे. कुरआनातील ८३ व्या अध्यायाचे नावच ‘अल-मुतफ्फिफीन’, म्हणजे मापात मारणारे, असे आहे. घेताना पुरेपूर मोजून घेणाऱ्या आणि देताना हात आखडणाऱ्या लोकांना त्यात कडक इशारा आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः व्यापारी होते. हजरत खदीजा यांचा माल घेऊन ते शामदेशी गेले होते. प्रेषितत्व मिळण्याआधीच मक्केचे लोक त्यांना ‘अल-अमीन’, म्हणजे विश्वासू, म्हणत. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. बाजारात धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तर बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. खोट असलेला माल विकायला हरकत नाही, पण खोट लपवायची नाही.

इमाम अबू हनीफा हे इस्लामी कायद्याचे मोठे पंडित. कूफा शहरात त्यांचा कापडाचा व्यापार होता. त्यांच्याविषयी असे सांगितले जाते की, एका कापडातला दोष गिऱ्हाइकाला दाखवूनच ते विकायचे, असे त्यांनी भागीदाराला बजावले होते. भागीदार विसरला आणि गिऱ्हाईकही सापडेना. तेव्हा इमामांनी त्या मालाची सारी रक्कम दान करून टाकली.

आपल्या बऱ्याच दुकानांत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी असते. इस्लामी परंपरेत मात्र, घेऊन पस्तावलेल्या गिऱ्हाइकाचा सौदा राजीखुशीने मोडून देणे हे पुण्याचे काम मानले आहे. त्याला ‘इकाला’ म्हणतात. अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यावी, अशीही कुरआनाची शिकवण आहे. उधारीची वही ठेवणाऱ्या किराणा दुकानदाराला तिचे मोल वेगळे सांगायला नको. पावसाने पीक बुडाले त्या वर्षी ज्याने तगादा लावला नाही, त्याचे दुकान शेतकरी पुढे सोडत नाही.

विक्रीनंतरचे नाते पाहायचे तर मिरजेला जावे. तेथील शिकलगार घराणी पूर्वी शस्त्रे बनवत. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर १९ व्या शतकात ती सतार आणि तंबोऱ्यांकडे वळली आणि ‘सतारमेकर’ झाली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ याच गावात राहिले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोरा एकदा विकून विषय संपत नाही. तारांच्या घर्षणाने घोडीवर खाचा पडतात आणि आवाजातला गुंजारव बिघडतो. मग घोडी कानसेने घासून पुन्हा जवारी काढावी लागते. त्यासाठी गवई पुन्हा कारागिराकडे येतो. आपल्याला कोणता आवाज रुचतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हाती वाद्य द्यायचे असते. येथे कारागीर मुस्लिम आणि गिऱ्हाईक हिंदू असणे नवे नाही. दोघांना बांधून ठेवतो तो कान आणि विश्वास.

हे शहाणपण आपल्याच गल्लीत, रमजानमधल्या शिंप्याकडेही दिसते. निम्मे रोजे होताच काही शिंपी ‘नवीन ऑर्डर बंद’ अशी पाटी लावतात. समोर आलेले पैसे परत जातात, पण ज्यांना शब्द दिला त्यांचे कपडे चांदरातीला तयार असतात. याउलट, सगळ्यांना ‘हो’ म्हणणाऱ्याच्या दारात त्या रात्री भांडणे होतात आणि पुढच्या वर्षी ती माणसे दुसरा शिंपी शोधतात.

आज मोबाईलवर एक बोट दाबले की माल घरी येतो, पसंत नसेल तर परतही जातो. त्या किमतीशी छोट्या दुकानदाराला स्पर्धा झेपत नाही. त्याच्याकडे भांडवल आहे ते ओळखीचे. कोणाच्या घरी मधुमेह आहे, कोणाच्या लेकीचे लग्न ठरले आहे, हे त्याला ठाऊक असते. पण ही ओळख फसवणुकीने एकदा मोडली की सवलत देऊन जुळत नाही. महिनाभर कोणी पाहत नसतानाही पाण्यापासून दूर राहिलेला दुकानदार ईदनंतरच्या अकरा महिन्यांत तराजूशीही तसाच वागला, तर त्याचा रोजा शेजाऱ्यांनाही लाभेल.