टर्मिनलच्या पोटात – ७ : तीनदा दाबायचा बॅकस्पेस

कंट्रोल-सी या आठवड्यात घेणार होतो, ते पुढच्या वेळी. मध्येच सांगलीच्या एका वाचक विद्यार्थिनीचं पत्र आलं आणि मी चार दिवस त्याच्यातच रमलो.

तिनं क्यूएमू या इम्युलेटरमध्ये एक्सव्ही६ ही आपली छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चालू केली आणि डॉलरच्या प्रॉम्प्टपुढे चक्क मराठी टाइप केलं. फक्त एक ‘क’. मग बॅकस्पेस. क गेला. पुन्हा बॅकस्पेस दाबला तर कर्सर आणखी एक घर मागे सरकला. तिसऱ्यांदा दाबल्यावर प्रॉम्प्टचा $ गडप! चौथ्यांदा मात्र काहीच हललं नाही. तिचा प्रश्न असा : ‘$ मी टाइप केलेलाच नाही, मग माझ्या बॅकस्पेसनं तो पुसला कसा जातो? आणि पुसायचंच ठरलं तर चौथ्यांदा का थांबतं?’

उत्तर कन्सोलच्या फाइलमध्ये आहे आणि ते जेमतेम पाच-सहा ओळींचं आहे. गेल्या वेळचे तीन आकडे आठवा : आर, डब्ल्यू आणि ई. बफर १२८ बाइटचा. आर म्हणजे प्रोग्रॅमनं कुठवर वाचलं, डब्ल्यू म्हणजे कुठवरचा मजकूर त्याच्या हवाली झाला, आणि ई म्हणजे तुमचं टायपिंग कुठवर आलं. डब्ल्यू ते ई एवढाच टापू अजून तुमच्या ताब्यात. बॅकस्पेस आला की कर्नल एवढंच विचारतो : ई आणि डब्ल्यू वेगळे आहेत ना? असतील तर ई एकानं कमी कर आणि पडद्याकडे ‘पुसा’ असा निरोप पाठव. हा निरोप म्हणजे २५६ हा आकडा. बाइटची मजल २५५ पर्यंतच, त्यामुळे कुठल्याही खऱ्या अक्षराशी त्याची गल्लत होऊच शकत नाही. अशा बारीकसारीक हुशारीसाठीच मला ही फाइल आवडते.

आता गंमत पाहा. पडद्याला ‘पुसा’ कळतच नाही. म्हणून कन्सोल त्या २५६ च्या जागी तीन बाइट पाठवतो : ८, ३२, ८. एक घर मागे ये, तिथे कोरी जागा छाप, पुन्हा एक घर मागे ये. पुसल्यासारखं दिसतं ते यामुळे.

म्हणजे वह्या दोन आहेत. एक कर्नलच्या बफरमध्ये, दुसरी पडद्याच्या काचेवर. काचेवरची वही कर्नलला वाचता येत नाही, फक्त तिच्यात लिहिता येतं. दोन्ही जुळलेल्या राहतात त्या एकाच भरवशावर : एक बाइट म्हणजे एक घर.

‘क’ हा भरवसा मोडतो. यूटीएफ-८ मध्ये क म्हणजे २२४, १६४, १४९ असे तीन बाइट. एक्सव्ही६ ते तिन्ही निमूटपणे बफरात ठेवतं आणि तसेच परत पाठवतं. ते जुळवून एका घरात क काढायचं काम तुमच्या लॅपटॉपवरचं टर्मिनल करतं. त्यामुळे बफरात तीन, काचेवर एक. पहिल्या बॅकस्पेसला १४९ जातो आणि काचेवरचा अख्खा क जातो. उरलेल्या दोन बाइटांपायी आणखी दोन घरं पुसली जातात, ती प्रॉम्प्टची : आधी मोकळी जागा, मग $. चौथ्या वेळी ई आणि डब्ल्यू एक झालेले असतात, म्हणून सगळं शांत.

पहिल्या बॅकस्पेसनंतर एंटर दाबून पाहा. काचेवर प्रॉम्प्टपुढे काहीही नाही, तरी शेल ‘एक्झेक’ फसल्याची तक्रार करतो आणि मध्ये प्रश्नचिन्हाचा ठिपका छापतो. २२४ आणि १६४ ही उरलेली जोडगोळी त्यानं कमांड समजून शोधली!

यावर ‘इंग्रजीवाल्यांनी आपला विचारच केला नाही’ असं म्हणायचा मोह होईल. पण भरवसा इंग्रजीतसुद्धा मोडतो, टॅबपाशी. टॅब एक बाइट, काचेवर मात्र आठ घरांपर्यंत उडी. एक्सव्ही६ मध्ये टॅब दाबून बॅकस्पेस दाबा. बफर रिकामा होतो, कर्सर मात्र एकच घर मागे येतो. लिनक्सनं इथे कष्ट घेतलेत : टॅब पुसायची वेळ आली की तो बफरात मागे जाऊन स्तंभ मोजतो आणि टॅबनं किती घरं खाल्ली ते ठरवतो.

मुळात पुसण्याची ही सगळी यातायात काचेमुळे आली. सुरुवातीच्या युनिक्सपुढे एएसआर-३३ सारखी कागदावर छापणारी टेलिटाइप होती. कागदावरचं पुसणार कसं? म्हणून # म्हणजे ‘मागचं अक्षर रद्द’ आणि @ म्हणजे ‘अख्खी ओळ रद्द’. एलएक्स#एस असं टाइप केलं की कागदावर चारही खुणा दिसायच्या आणि प्रोग्रॅमला मिळायचं फक्त एलएस. खरंच # हवा असेल तर आधी उलटी तिरकी रेघ. युनिक्सच्या ज्या १९७५ च्या सहाव्या आवृत्तीवरून एमआयटीत एक्सव्ही६ बेतलं, तिच्यातही हेच. कागदाची वही कधी जुळवावी लागली नाही, कारण ती जुळेल असं कुणी म्हटलंच नव्हतं. १२७ हा कोडसुद्धा त्याच काळातला. कागदी फितीवर सातही भोकं पाडली की १२७ होतो. चुकलेल्या अक्षरावर सगळी भोकं पाडायची, वाचणारं यंत्र ते सोडून द्यायचं. आज अनेक टर्मिनलांत बॅकस्पेसची कळ हाच १२७ पाठवते, काही ठिकाणी ८. एक्सव्ही६ दोन्ही मुकाट स्वीकारतं. बरं करतं.

दुरुस्ती सोपी आहे. यूटीएफ-८ मध्ये अक्षराचा पहिला बाइट सोडून बाकीचे नेहमी १२८ ते १९१ मध्येच असतात. तेव्हा बॅकस्पेसला ई एकानं कमी करा. काढलेला बाइट या टापूतला असेल तर आणखी एक काढा. पहिला बाइट हाती लागेपर्यंत. डब्ल्यू ओलांडायचा नाही आणि ८, ३२, ८ एकदाच पाठवायचं. चार ओळींत क शहाण्यासारखा जातो. लिनक्समध्ये याच कामासाठी आययूटीएफ८ नावाचा झेंडा आहे.

पण आता ‘कं’ टाइप करा. अनुस्वाराचे बाइट वेगळे तीन, काचेवर मात्र त्याला स्वतंत्र घर नाही, तो क च्याच डोक्यावर. बॅकस्पेसला बफरातून फक्त अनुस्वार जातो आणि काचेवरून क सकट सगळं. म्हणजे बफरात क आहे आणि काचेवर नाही. लिनक्सचा झेंडा लावूनही हे सुटत नाही, कारण झेंड्याला बाइट जोडता येतात, घरं मोजता येत नाहीत. घरं मोजायची तर कुठल्या खुणेला किती जागा लागते याचा तक्ता कर्नलमध्ये ठेवावा लागेल, आणि तो समोरच्या टर्मिनलच्या तक्त्याशी जुळेलच याची हमी नाही. जोडाक्षरांचा तर मी विषयच काढत नाही. आपल्या छोट्या सिस्टिमच्या कर्नलमध्ये असला तक्ता घालू नये, हे माझं ठाम मत. ही झटापट शेलनं वरच्या मजल्यावर करावी.

बॅश तसंच करतो : कर्नलचं ओळ-संपादन बंद करून सगळं स्वतः हाताळतो, म्हणून रोजच्या कामात हा घोळ जाणवत नाही. लिनक्सवर पाहायचा असेल तर कॅट चालवा, नुसतं, फाइलचं नाव न देता. ‘कं’ लिहा, एकदा बॅकस्पेस, मग एंटर. तुमची ओळ कोरी दिसेल आणि खाली कॅट क छापेल. मग बाहेर येऊन एसटीटीवाय या कमांडनं आययूटीएफ८ बंद करा आणि नुसत्या ‘क’ वर तोच प्रयोग करा. सांगलीचं पत्र तुमच्याच यंत्रावर दिसेल. झेंडा नंतर आठवणीनं परत लावा.