बी.एड.चे कर्ज कोण फेडणार?

पदवीचे निकाल लागले की आमच्याकडे एक प्रश्न हटकून येतो, "वकीलसाहेब, पोरीला बी.एड.ला घालू का?" बोनकोडे गावात, कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत, जिथे जाल तिथे हाच प्रश्न. विचारणारा बाप एपीएमसी मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहणारा असतो, नाहीतर एम.आय.डी.सी.त ठेकेदाराच्या हजेरीवर. शिक्षकाचा पेशा चांगला की वाईट हे त्याला विचारायचे नसते, ते तो जाणतो. हा पैसा घालावा का आणि घातला तर परत येईल का, एवढेच त्याला हवे असते. आपल्या समाजात शिक्षणावर पैशाच्या भाषेत बोलणे म्हणजे पाप अशी एक समजूत आहे. ती शिक्षणसम्राटांच्या फार सोयीची आहे.

म्हणून आज आपण सरळ हिशेबच मांडू.

समजा, विनाअनुदानित कॉलेजची फी, रेल्वेचा पास, पुस्तके आणि नाना उपक्रमांचा खर्च मिळून दोन वर्षांत दोन लाख लागले आणि ते बँकेकडून दहा टक्क्यांनी घेतले. सन २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले, त्यापूर्वी ते एका वर्षात होत असे. शिक्षणाची दोन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असते. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली तर तीन वर्षांचे साधे व्याज साठ हजार. म्हणजे फेड सुरू होते तेव्हा डोक्यावर २ लाख ६० हजार. पाच वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे साडेपाच हजार. याच दोन वर्षांत ती मुलगी महापे-ऐरोलीच्या एखाद्या कार्यालयात पंधरा हजारांवर लागली असती तर ३ लाख ६० हजार घरात आले असते. तोही बी.एड.चाच खर्च. फक्त त्याची पावती कोणी देत नाही.

आता दुसरी बाजू. माध्यमिक शाळेत नियमित बी.एड. शिक्षकाचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते, महागाई भत्ता वेगळा. पण त्याआधी तीन वर्षे 'शिक्षण सेवक' म्हणून काढावी लागतात. २०२३ च्या सुरुवातीपर्यंत त्याला महिना ८,००० रुपये मानधन होते, तेव्हापासून १८,००० झाले. फरक काढा. महिन्याला २०,६०० प्रमाणे छत्तीस महिन्यांत ७ लाख ४१ हजार ६०० रुपये, तेही महागाई भत्ता न धरता. शासनाचे इतके पैसे वाचवून देणाऱ्या माणसाला सेवक म्हणतात! शाळेत उभा राहून तोच अभ्यासक्रम शिकवायचा, त्याच वह्या तपासायच्या, निवडणुकीची आणि जनगणनेची कामे करायची, आणि पगार मात्र निम्म्याहून कमी.

ही नोकरी तरी केव्हा मिळते? मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षक भरतीवर बंदी घातली. पुढे पवित्र पोर्टल आले आणि अभियोग्यता चाचणी आली. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली, दुसरी थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये, तिसरी २०२५ मध्ये. म्हणजे २०१८ साली बी.एड. झालेल्या मुलीला परीक्षेला बसण्याची पहिली संधी पाच वर्षांनी मिळाली. बँकेचा हप्ता मात्र २०१९ लाच सुरू झाला. बँक पवित्र पोर्टलची वाट पाहत नाही.

मधल्या काळात ही मुले काय करतात? गल्लीतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दहा-बारा हजारांवर शिकवतात, संध्याकाळी शिकवण्या घेतात. कुठे बँक खात्यावर पूर्ण पगार दाखवून अर्धा रोख परत घेतला जातो. हे कायद्याला मान्य नाही. महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी अधिनियम १९७७ आणि १९८१ ची त्याची नियमावली मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, ठरवून दिलेले वेतन देणे संस्थेवर बंधनकारक आहे. कामावरून काढले तर तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. हे तीस दिवस लक्षात ठेवा. "साहेब घेतील परत" या आशेवर ते निघून जातात आणि मग आमच्याकडे कागद येतात.

कर्ज काढूच नका, असा याचा अर्थ नाही. खुद्द बाबासाहेबांनी १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात दरमहा ४५० रुपयांवर प्राध्यापकी केली, त्यातून बचत केली, शाहू महाराजांची मदत घेतली आणि नवल भथेना या मित्राकडून ५,००० रुपये उसने घेऊन १९२० साली अपुरे शिक्षण पुरे करायला लंडन गाठले. ते कर्ज त्यांच्या अकरा महिन्यांच्या पगाराएवढे होते. हीच मोजपट्टी आपल्या मुलीला लावा. आपले २ लाख ६० हजार म्हणजे शिक्षण सेवकाचे साडेचौदा महिन्यांचे मानधन झाले, आणि गल्लीतल्या शाळेचे दहा हजार धरले तर सव्वीस महिन्यांचा पगार.

आपल्याकडे मुळात कर्ज मिळते कुठून, हाही प्रश्न आहे. सिडको आली १९७० साली, गावाच्या जमिनी गेल्या, आणि प्रकल्पग्रस्तांची जी घरे आज उभी आहेत त्यातली कित्येक 'गरजेपोटी' बांधलेली. त्यांच्या कागदावर बँक विश्वास ठेवत नाही. त्याच घरांत भाड्याने राहणाऱ्या आपल्या बांधवांकडे तर तारण ठेवायला काहीच नाही. वास्तविक चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. तरी शाखेतला साहेब "बघू" म्हणतो आणि बाप सोने गहाण टाकतो, भिशी उचलतो, नाहीतर फायनान्सवाल्याकडे जातो. दहा टक्क्यांचा हिशेब तिथेच संपतो. बँकेने नकार दिला तर तो लेखी मागा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडेही चौकशी करा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला बहुतेक वेळा हे कर्ज काढण्याची गरजच नसते. कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार शिष्यवृत्ती आहे, त्यापुढे फ्रीशिप आहे. अट एकच, प्रवेश सी.ई.टी. देऊन केंद्रीय फेरीतून घ्यायचा. "घरबसल्या ॲडमिशन, हजेरीची कटकट नाही" असे सांगणारा दलाल ज्या व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश देतो, त्याला ही सवलत नाही. लोक तिथेच फसतात. डोनेशन मागितले तर १९८७ च्या कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कोणाला राग आला तरी चालेल. शिष्यवृत्तीचे पैसे आता विद्यार्थ्याच्या खात्यात येतात आणि त्यातून कॉलेजची फी भरायची असते. ते पैसे भावाच्या लग्नात खर्च झाले तर ती शिष्यवृत्ती उरत नाही, फीची थकबाकी होते.

कॉलेज निवडताना मुंबईचे शासकीय अध्यापक महाविद्यालय आधी पाहा. १९०६ सालचे हे कॉलेज सी.एस.एम.टी. स्टेशनवरून चालत जाण्यासारखे आहे. फीचा फरक स्वतः ताडून पाहा. त्याच्या जवळच आझाद मैदान आहे, जिथे विनाअनुदानित शाळांचे शिक्षक वीस टक्के, चाळीस टक्के अनुदानासाठी वर्षानुवर्षे बसत आले. प्रवेश घ्यायला जाल त्या दिवशी दोन्ही जागा मुलीला दाखवा.

आणि काय शिकवायचे आहे ते आधी ठरवा. पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी स्पष्ट केले आहे. तिथे डी.एल.एड., म्हणजे पूर्वीचे डी.एड. लागते. आठवीपर्यंत शिकवायचे तर टी.ई.टी. आवश्यक, आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने ती नोकरीतल्या शिक्षकांनाही टळलेली नाही. निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांनाच नोकरी टिकवण्यापुरती सूट आहे. बी.एड.च्या दुसऱ्या वर्षातच टी.ई.टी.ची तयारी सुरू करावी.

"लग्नाला बरे दिसते" म्हणून मुलीला बी.एड.ला घालणाऱ्या पालकांना मात्र माझे उत्तर नाही असेच आहे. ज्या मुलीला वर्गात उभे राहायची ओढ आहे, तिला जरूर पाठवा. केंद्रीय फेरीतून, शिष्यवृत्तीवर, जात पडताळणीचे प्रमाणपत्र हातात ठेवून. तिचे मूळ दाखले कोणतीही संस्था पगाराच्या किंवा फीच्या वादात अडकवून ठेवू लागली, तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.