बायबलमधील घटस्फोट व पुनर्विवाहविषयक विचार : डहाणू-तलासरी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

चारोटी नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला एका बाजूने डहाणूचा व दुसऱ्या बाजूने कासा-जव्हारचा रस्ता येऊन मिळतो. या परिसरातील ख्रिस्ती समाजही असाच निरनिराळ्या वाटांनी घडलेला आहे. वसईची पोर्तुगीज काळापासूनची कॅथलिक परंपरा, तलासरी येथील येशूसंघीयांचे ज्ञानमाता सदन आणि डहाणूतील अमेरिकन ब्रेदरन मिशन या त्यांपैकी प्रमुख वाटा होत. कॅथलिकांच्या दृष्टीने हा भाग १९९८ मध्ये स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात मोडतो, तर ब्रेदरन मंडळी १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या उत्तर भारत चर्चमध्ये सामील झाली. यांतील अनेक कुटुंबे मूळची आदिवासी आहेत.

अशा समाजात विवाह मोडल्यास त्याचा निर्णय तीन ठिकाणी मागितला जातो : जातपंचांकडे, चर्चकडे आणि न्यायालयाकडे. या तिन्हींची उत्तरे सारखी नसतात. त्यांतून उभा राहणारा गोंधळ बहुधा स्त्रीच्या वाट्याला येतो. प्रस्तुत लेखात बायबलमधील संबंधित वचने कोणत्या प्रश्नांना उत्तर म्हणून आली, चर्चपरंपरांनी व भारतीय कायद्याने त्यांचा कसा अर्थ लावला आणि या परिसरात त्याचा व्यवहारात काय परिणाम होतो, याचे विवेचन केले आहे.

१. मोशेचे सूटपत्र

जुन्या करारात घटस्फोटाची आज्ञा कोठेही नाही. घटस्फोट घडतो हे गृहीत धरून त्याला घातलेली मर्यादा आहे. अनुवादाच्या २४ व्या अध्यायात पतीने पत्नीला सोडताना तिच्या हाती लेखी सूटपत्र द्यावे, असे म्हटले आहे. तिने दुसरा विवाह केला आणि तोही संपला, तर पहिल्या पतीला ती पुन्हा करता येत नाही. या पत्राचे महत्त्व काय? यहुदी परंपरेनुसार, ही स्त्री आता अन्य कोणाशीही विवाह करण्यास मोकळी आहे, हे विधानच त्या पत्राचा गाभा होय. म्हणजे सूटपत्र हा पतीचा अधिकार असला, तरी ते तिच्या हाती असणे हे तिचे संरक्षण होते. पत्राविना टाकलेली स्त्री ना पत्नी राहिली असती, ना मोकळी झाली असती.

याच ग्रंथसंग्रहात दोन परस्परविरुद्ध सूर आढळतात. एज्राच्या १० व्या अध्यायात परजातीय स्त्रियांना पाठवून देण्याचा निर्णय होतो. मलाखीच्या २ ऱ्या अध्यायात तारुण्यातील पत्नीशी केलेल्या विश्वासघाताचा कठोर निषेध आहे. त्यामुळे 'बायबल असे सांगते' असे एका वचनावरून म्हणणे धाडसाचे ठरते.

२. येशूचे उत्तर

मोशेच्या नियमातील 'काही अनुचित गोष्ट' या शब्दांवरून शम्मय व हिल्लेल या दोन गुरुपरंपरांत वाद होता. शम्मयपंथी तिचा अर्थ लैंगिक दुराचारापुरता मर्यादित ठेवीत, तर हिल्लेलपंथीयांच्या मते अन्न बिघडवणे एवढे कारणही पुरेसे होते. मत्तयाच्या १९ व्या अध्यायात परुशी येशूला 'कोणत्याही कारणावरून' पत्नी सोडणे योग्य आहे काय, असे विचारतात, तेव्हा तो प्रश्न या वादातला असतो. येशू या वादाच्या मागे जाऊन उत्पत्तीच्या २ ऱ्या अध्यायाचा आधार घेतो : पती-पत्नी एकदेह होतात. मोशेने दिलेली सूट अंतःकरणाच्या कठोरपणामुळे होती, असे तो स्पष्ट करतो.

येथे दोन बाबी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, मार्क (अध्याय १०) व लूक (अध्याय १६) यांच्या शुभवर्तमानांत निषेध निरपवाद आहे, तर मत्तयाच्या ५ व्या व १९ व्या अध्यायांत व्यभिचाराचा अपवाद नमूद आहे. तेथील मूळ ग्रीक शब्द 'पोर्निया' असा व्यापक असून त्याचा नेमका अर्थ आजही वादाचा विषय आहे. दुसरी बाब तितकीच महत्त्वाची आहे. तत्कालीन समजुतीप्रमाणे व्यभिचार हा परक्या पतीविरुद्ध केलेला अपराध मानला जाई. मार्कमध्ये मात्र पत्नी सोडून दुसरी करणारा पुरुष त्या पहिल्या पत्नीविरुद्ध व्यभिचार करतो, असे म्हटले आहे. पत्नीलाही आपल्याविरुद्धच्या विश्वासघाताची दाद असू शकते, हे येथे मान्य झाले.

३. पौलाचे पत्र आणि मिश्र कुटुंब

करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या ७ व्या अध्यायात पौल नव्या परिस्थितीला सामोरा जातो. जोडप्यातील एकच जण ख्रिस्ती झाला असेल तर काय करावे? दुसरा नांदण्यास राजी असेल, तर त्याला सोडू नये. तो निघून गेला, तर मात्र श्रद्धावंत बंधनात नाही, असे पौल म्हणतो. हे आपले मत आहे, प्रभूचे वचन नाही, हेही तो प्रांजळपणे सांगतो.

या वचनाची छाया भारतीय कायद्यावर पडली. १८६६ च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेद कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने नांदण्यास नकार दिल्यास न्यायालयात जाता येई. न्यायालय फेरविचारासाठी एक वर्षाची मुदत देई आणि नंतर विवाह विसर्जित करता येई. महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत परिचित उदाहरण टिळक दांपत्याचे होय. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या आणि काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. परंतु टिळकांनी विवाह मोडला नाही. पुढे लक्ष्मीबाई आपले आचार सांभाळून त्यांच्यासोबत राहू लागल्या व कालांतराने स्वतः ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे'मधील ही हकिगत पौलाच्या पहिल्या सल्ल्याचेच मराठी उदाहरण मानता येईल.

४. चर्चपरंपरांचे अर्थ

कॅथलिक परंपरेने मार्क व लूक यांचा निरपवाद सूर प्रमाण मानला. १९८३ च्या चर्चविधिसंहितेनुसार, दोन बाप्तिस्मा घेतलेल्यांचा विधिवत व शरीरसंबंधाने पूर्ण झालेला विवाह कोणत्याही मानवी सत्तेला विसर्जित करता येत नाही. चर्चचे न्यायासन जो निर्णय देते, तो घटस्फोट नसून शून्यतेची घोषणा असते. म्हणजे संमतीतील मूलभूत दोषामुळे विवाह मुळातच वैध झाला नव्हता, असा निष्कर्ष असतो. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सुलभ केली व दुसऱ्या न्यायासनाच्या पुष्टीची सक्ती काढून टाकली. पौलाच्या सवलतीला मात्र या संहितेत स्वतंत्र स्थान आहे.

प्रोटेस्टंट सुधारकांनी मत्तयाचा अपवाद व पौलाची मुभा या दोन्हींना पुनर्विवाहाचा आधार मानले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च विवाहाचा आदर्श अढळ ठेवूनही मानवी दुर्बलतेकडे करुणेने पाहत पश्चात्तापपूर्वक पुनर्विवाहास अनुमती देते. वचने तीच असूनही भूमिका वेगळ्या होतात, त्या अशा.

५. भारतीय कायद्याचा प्रवास

१८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा तत्कालीन इंग्रजी कायद्याच्या धर्तीवर बेतलेला होता. त्याच्या कलम १० नुसार पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे दुसरे कारणही सिद्ध करावे लागे. मत्तयातील ज्या अपवादाने पुरुषाच्या मनमानीला आवर घातला, त्याच व्यभिचाराच्या अटीचे येथे स्त्रीच्या वाटेवरील कुलूप झाले. केवळ मारहाण सोसणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीला घटस्फोटाचा मार्ग नव्हता. जिल्हा न्यायालयाच्या हुकमाला उच्च न्यायालयाची पुष्टीही आवश्यक होती.

प्रगती वर्गीस खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. त्यापूर्वी १९९५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने असाच निर्णय दिला होता. २००१ च्या दुरुस्तीने स्त्री-पुरुषांना समान कारणे लागू झाली, उच्च न्यायालयाच्या पुष्टीची अट गेली आणि कलम १० अ अन्वये परस्परसंमतीच्या घटस्फोटाची तरतूद आली. या कलमातील विभक्त राहण्याची किमान मुदत दोन वर्षांची होती. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एक वर्षाची मानली व २०२२ मध्ये अशी मुदतीची अटच घटनाबाह्य ठरवली.

चर्चचा निर्णय व न्यायालयाचा हुकूम यांचा संबंध सर्वोच्च न्यायालयाने मॉली जोसेफ खटल्यात (१९९६) स्पष्ट केला. चर्चच्या न्यायासनाच्या निर्णयाने नागरी कायद्यातील विवाह संपत नाही. त्या आधारावर केलेला दुसरा विवाह कायद्याने निरर्थक ठरतो व द्विभार्या-प्रतिबंधाच्या कलमाखाली येऊ शकतो.

६. डहाणू-तलासरीतील तिहेरी पेच

वारली समाजात लग्न धवलेरी लावते. रूढीने काडीमोड व पुनर्विवाह या दोन्हींना मान्यता आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २(२) नुसार तो कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यामुळे पंचांसमोर झालेली काडीमोड समाजात पुरेशी मानली जाते. मात्र कुटुंब ख्रिस्ती झाले व विवाह चर्चमध्ये लागला, की स्थिती बदलते. पंचांनी मोकळी केलेली स्त्री चर्चच्या दृष्टीने विवाहितच राहते. चर्चने शून्यता घोषित केली, तरी न्यायालयाच्या हुकमाविना कायद्याने ती पहिल्याचीच पत्नी असते. आणि न्यायालयातून सुटलेल्या कॅथलिक स्त्रीला चर्चमध्ये पुनर्विवाह करता येत नाही. तिन्ही दारे वेगवेगळी उघडावी लागतात, हे तिला बहुधा दुसऱ्या विवाहानंतर, वारसाहक्काचा किंवा पोटगीचा प्रश्न निघाल्यावर कळते.

महाविद्यालयातील अध्यापकांकडे विद्यार्थिनी सल्ल्यासाठी येतात. अशा वेळी धर्ममताचा निवाडा करणे हे आपले काम नाही. परंतु पंचांचा निर्णय, शून्यतेची घोषणा व न्यायालयीन हुकूम या तीन भिन्न गोष्टी आहेत, एवढे सांगणे निश्चितच आपले काम आहे. गरजूंना तालुका विधी सेवा समितीची मोफत मदत मिळू शकते. कायद्यानुसार स्त्रिया व अनुसूचित जमातीच्या व्यक्ती उत्पन्नाची अट न लावता या मदतीस पात्र आहेत.

निष्कर्ष

बायबलमधील घटस्फोटविषयक वचने ही एका कायद्याची कलमे नसून वेगवेगळ्या काळी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आहेत. मोशेने टाकलेल्या स्त्रीच्या हाती पत्र दिले, येशूने टाकणाऱ्याच्या हाताला आवर घातला, तर पौलाने सोडून दिलेल्याला बंधनातून मुक्त केले. विवाहाच्या पावित्र्याचा आग्रह आणि परित्यक्ताची काळजी हे दोन्ही धागे त्यांत एकत्र आहेत. चर्चपरंपरांनी त्यांपैकी कधी एकावर, तर कधी दुसऱ्यावर अधिक भर दिला. १८६९ च्या कायद्याने मात्र दुसरा धागाच सोडून दिला होता आणि तो पुन्हा जोडण्यास १३२ वर्षे लागली. सूटपत्राचे मूळ प्रयोजन स्त्रीला आपली स्थिती निःसंदिग्धपणे कळावी हेच होते. डहाणू-तलासरीतील ख्रिस्ती स्त्रीला ही निःसंदिग्धता आजही मिळत नसेल, तर वचनाचा अर्थ सांगणाऱ्यांचे आणि कायदा शिकवणाऱ्यांचे काम अद्याप पूर्ण झालेले नाही, असेच म्हणावे लागेल.