अळी खाते काय, त्यावर तिच्या तेलाचा कस

थंडीत बाटलीतलं खोबरेल गोठतं. 'ब्लॅक सोल्जर फ्लाय' या माशीच्या अळ्यांचं तेलही गारव्यात तसंच थिजतं. कारण एकच, लॉरिक आम्ल. खोबरेलात ते जवळपास निम्मं असतं आणि अळीच्या तेलातही बहुतेक वेळा तेच सगळ्यांत जास्त असतं.

गंमत म्हणजे अळीला त्यासाठी खोबरं खावं लागत नाही. शिळा पाव, सडकी फळं, बिअर गाळून उरलेला चोथा यांतल्या पिठूळ आणि गोड भागापासून ती लॉरिक आम्ल स्वतःच तयार करते. माशी झाल्यावर ती जवळजवळ काही खात नाही, त्यामुळे पुढच्या आयुष्याची शिदोरी अळीपणीच चरबीच्या रूपात साठवावी लागते.

साबणासाठी असं तेल उत्तम. अडचण येते ती मत्स्यशेतीत. सॅमनसारख्या माशांच्या खाद्यात ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ आम्लं लागतात. आज ती मुख्यतः समुद्रातून पकडलेल्या छोट्या माशांच्या तेलातून येतात, आणि हा उपसा कमी करायचा म्हणून तर अनेकांचं लक्ष अळ्यांकडे लागलं आहे. पण ही आम्लं अळीला म्हणावी तशी बनवता येत नाहीत. खाद्यात असतील तरच तेलात उतरतात.

अमेरिकेतल्या आयडाहोमधील संशोधकांनी २००७ साली हे दाखवून दिलं. नुसत्या शेणावर वाढलेल्या अळ्यांत चरबी सुमारे २१ टक्के होती आणि तिच्यात ओमेगा-३ नावापुरतं. शेणात माशांची आतडी वगैरे टाकाऊ भाग मिसळल्यावर चरबी ३० टक्क्यांवर गेली आणि त्या चरबीत सुमारे ३ टक्के ओमेगा-३ आलं. विशेष म्हणजे एवढ्यासाठी शेवटचे २४ तास असं खाद्य देणंही पुरलं.

तरीही माशांच्या तेलात हे प्रमाण कितीतरी अधिक असतं. शिवाय ओमेगा-३ वाढलेलं तेल लवकर खवट होतं. युरोपीय संघात तर पाळीव कीटकांना शेण किंवा हॉटेलातलं खरकटं घालायलाच बंदी आहे, त्यामुळे हा प्रयोग तिथे जसाच्या तसा धंद्यात उतरवता येत नाही.

आणि खाद्य उत्तम असूनही तेल बिघडू शकतं. अळ्या नुसत्या गोठवून मारल्या तर त्यांच्या अंगातली विकरं चरबी फोडत राहतात आणि तेलाची आम्लता वाढते. उकळत्या पाण्यातून काढल्या की ही विकरं निकामी होतात.